पुराला दिलेली जमीन

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. या दोन ठिकाणी धोक्याची पातळी अनुक्रमे ४३ आणि ४५ फूट आहे. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, या पट्ट्याने पुन्हा महापूर पाहिला. दोन्ही वेळा वाद झाले. अलमट्टीचे दरवाजे कधी उघडले, कोयनेतून किती पाणी सोडले, पूररेषेच्या आत इमारती कोणी उभ्या केल्या, यावर रकानेच्या रकाने भरून आले. या वादांतून एका वाक्यावर मात्र सगळ्यांचे एकमत दिसले : नदीला तिची जागा परत दिली पाहिजे.

वाक्य खरे आहे. अडचण अशी की, ही जागा मोकळी पडलेली नाही. ती सातबाऱ्यावर कोणाच्या तरी नावाने आहे. नदीकाठची मळी म्हणजे गावातली सर्वांत कसदार जमीन. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ऊस, भाजीपाला, वैरण निघते. ‘नदीला जागा द्या’ असे शहरातला माणूस म्हणतो, तेव्हा तो बहुधा दुसऱ्याची जमीन देऊ करत असतो. मग ती द्यायची कोणी, कोणत्या अटीवर, आणि तिचे मोल कोणी चुकवायचे? २०१९ नंतर मी पुरांच्या इतिहासाकडे वळलो तो या एका प्रश्नासाठी. त्या शोधात भेटलेल्या काही कहाण्या इथे मांडतो. त्या अमेरिकेतल्या आहेत, हॉलंडमधल्या आहेत आणि आपल्या दामोदर नदीवरच्याही आहेत.

माळ्यावर दिलेली वचने

अमेरिकेच्या ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. राइट बंधूंचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. ग्रेट मायामी नदीला स्टिलवॉटर आणि मॅड या नद्या तिथेच येऊन मिळतात. २३ मार्च १९१३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, पावसाला सुरुवात झाली. जमीन आधीच भिजलेली होती, त्यामुळे पडलेले पाणी जिरायला वाव नव्हता. दोन दिवसांत नदीकाठचे मातीचे बंधारे फुटले. शहराच्या मध्यवस्तीत काही ठिकाणी २० फूट पाणी चढले. लोक माळ्यांवर, छपरांवर अडकले आणि खाली गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या. साऱ्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. राइट बंधूंनी १९०३ च्या पहिल्या उड्डाणाची काच-निगेटिव्ह घरी ठेवली होती. तिचा एक कोपरा या पुरात गेला. आजही त्या जगप्रसिद्ध छायाचित्रात ती खोट दिसते.

पाणी ओसरल्यावर डेटनने सरकारची वाट पाहिली नाही. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा मालक जॉन पॅटरसन याने पुरात कारखान्याच्या सुतारांकडून होड्या बनवून घेतल्या होत्या. आता त्याच्या पुढाकाराने निधी उभारणी सुरू झाली. ‘माळ्यावर अडकला होतात तेव्हा दिलेली वचने आठवा’ ही मोहिमेची हाक होती. काही आठवड्यांत वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्या पैशातून आर्थर मॉर्गन या पस्तिशीतल्या अभियंत्याला बोलावण्यात आले. मॉर्गनचे रीतसर अभियांत्रिकी शिक्षण झाले नव्हते. पाणथळ जमिनींचा निचरा करण्याच्या कामातून तो घडला होता.

मॉर्गनपुढे सोपा उपाय होता : शहरातून जाणारी नदी खोल आणि रुंद करायची आणि काठावर उंच भिंती बांधायच्या. त्याने हिशेब मांडला आणि सांगितले की, १९१३ चे पाणी शहरातून सुखरूप जाऊ द्यायचे तर पात्र इतके रुंदवावे लागेल की अर्धी बाजारपेठ पाडावी लागेल. म्हणून पाणी वरच अडवायला हवे. त्याने पाच ठिकाणी मातीचे बांध सुचवले. त्यांची रीत आपल्या धरणांपेक्षा वेगळी होती. त्यांच्या तळाशी काँक्रीटचे बोगदे ठेवायचे, त्यांना दरवाजे नसतील, ते कायम उघडे राहतील. रोजची नदी त्यातून नेहमीसारखी वाहील. पूर आला की बोगद्यात मावेल तेवढेच पाणी खाली जाईल आणि उरलेले बांधामागे तुंबेल. मग ते काही दिवसांत आपोआप निघून जाईल. फ्रान्समधल्या ल्वार नदीवर अठराव्या शतकात अशा धर्तीचे बांध घातलेले होते. त्यांचा दाखला मॉर्गनला उपयोगी पडला. कोरडी धरणेच म्हणायची ही. वर्षातले बहुतेक दिवस बांधामागे शेतीच दिसेल.

पण ही शेती कोणाची? पाच बांधांमागे मिळून सुमारे ३५ हजार एकर जमीन पुराखाली येणार होती आणि ती वरच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांची होती. त्यांनी कडाडून विरोध केला. शहराने नदीच्या पात्रात घरे बांधली, त्याचे पाणी आम्ही आमच्या शेतात का घ्यावे, असा त्यांचा सवाल होता. बांध फुटले तर काय, हेही भय होते. मातीच्या बंधाऱ्यांचे काय होते ते सगळ्यांनी नुकतेच पाहिले होते.

या विरोधाचे उत्तर कायद्याने शोधले गेले, आणि या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. फेब्रुवारी १९१४ मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने खोरे हा घटक धरणारा एक कायदा केला. जिल्ह्याजिल्ह्यांच्या सीमा ओलांडून एका नदीखोऱ्यासाठी एक संस्था स्थापता येईल, तिला कर्जरोखे काढता येतील, जमीन घेता येईल. या संस्थेवर देखरेख खोऱ्यातल्या जिल्ह्यांच्या न्यायाधीशांच्या एकत्रित न्यायासनाची. म्हणजे ज्यांची जमीन बुडणार त्या जिल्ह्यांचा न्यायाधीशही त्यात बसणार. खटले झाले, ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि कायदा टिकला. १९१५ मध्ये मायामी खोऱ्याची संस्था स्थापन झाली, १९१८ मध्ये बांधांची कामे सुरू झाली आणि १९२२ मध्ये पुरी झाली.

खर्च तीन कोटी डॉलरहून अधिक झाला. केंद्र सरकारचा त्यात एक डॉलरही नव्हता. पैसा आला तो ज्यांचा बचाव होणार होता त्यांच्याकडून. खोऱ्यातल्या प्रत्येक मालमत्तेची पाहणी झाली. १९१३ मध्ये तिथे किती पाणी होते आणि बांध झाल्यावर तिचा किती फायदा होईल, हे ठरवून त्या प्रमाणात आकारणी बसवली गेली. पेढीवाल्याला जास्त, उंचावरच्या घराला कमी. वरच्या शेतकऱ्याच्या बाबतीत हिशेब उलटा : त्याचे नुकसान मोजून त्याला मोबदला मिळाला.

संस्थेने बरीचशी शेते आधी विकत घेतली आणि काम झाल्यावर पुन्हा शेतकऱ्यांना विकली. विकताना दस्तात अट घातली : या जमिनीवर पुराचे पाणी आणण्याचा हक्क संस्थेचा आहे, आणि ठरावीक पातळीच्या खाली इथे कोणी राहते घर बांधायचे नाही. हा व्यवहार आपल्या माणसाला समजायला अवघड नाही. शेजाऱ्याच्या रानातून वाट असते. रान त्याचे, पण जायचा हक्क आपला. तो दस्तात लिहिलेला असतो आणि रान विकले गेले तरी हक्क जात नाही. कायद्याच्या भाषेत याला सुविधाधिकार म्हणतात. डेटनच्या शेतांवर असाच एक हक्क बसला, फक्त वाटेचा नव्हे तर पाण्याचा. आपण त्याला बुडिताचा हक्क म्हणू. शेतकरी जमीन कसतो, विकतो, मुलांना देतो. पण क्वचित येणाऱ्या पुराला ती दिलेली आहे, हे प्रत्येक खरेदीदाराला दस्तातच दिसते.

सगळे गोड झाले असे नाही. ऑसबॉर्न नावाचे आख्खे गाव एका बांधाच्या बुडितात येत होते. तिथली शेकडो घरे चाकांवर आणि ओंडक्यांवर चढवून काही मैल दूर नेली गेली. पुढे १९५० मध्ये ते शेजारच्या फेअरफिल्डमध्ये मिसळले आणि दोन्ही नावे जोडून फेअरबॉर्न झाले. राइट बंधूंनी ज्या कुरणात विमान चालवण्याचा सराव केला ते हफमन प्रेअरीही याच बुडितात आहे. तिथे इमारती उठल्या नाहीत याचे एक कारण हा हक्कच.

या बांधांनी १९२२ पासून दोन हजारांहून अधिक वेळा पुराचे पाणी अडवले आहे. डेटनमध्ये १९१३ पुन्हा घडले नाही.

एकदाच दिलेली किंमत

डेटनपासून पाचशे-सहाशे किलोमीटरवर, ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथे, हाच प्रयोग दुसऱ्या रीतीने झाला.

१९२७ च्या वसंतात मिसिसिपीला अमेरिकेच्या इतिहासातला एक सर्वांत विध्वंसक पूर आला. सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. न्यू ऑर्लीन्स शहर धोक्यात आहे असे तिथल्या सावकार-व्यापाऱ्यांना वाटले. त्यांनी राज्य सरकारला पटवून शहराच्या खालच्या अंगाचा बंधारा एप्रिलच्या अखेरीस सुरुंग लावून उडवला. खालच्या दोन परगण्यांतले सुमारे दहा हजार लोक विस्थापित झाले. ते बहुतेक कोळी, फासेपारधी आणि लहान शेतकरी होते. त्यांना पूर्ण भरपाईचे वचन दिले होते. प्रत्यक्षात हाती पडले ते दाव्याच्या मानाने अगदी किरकोळ, आणि कित्येकांना काहीच नाही. शिवाय स्फोटानंतर लगेच वरच्या बाजूला बंधारे आपसूक फुटून पाणी उतरले. शहर सुरुंगाशिवायही वाचले असते, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

या पुरानंतर मे १९२८ मध्ये केंद्रीय पूरनियंत्रण कायदा झाला. ‘फक्त बंधारे’ हे जुने धोरण सोडून नदीला पसरायला राखीव जागा ठेवायच्या, असे त्यात ठरले. मिसूरी राज्यातला बर्ड्‌स पॉइंट ते न्यू मॅड्रिड हा पट्टा अशी एक जागा. नदीकाठी एक बंधारा होताच. त्याच्या मागे तीन ते दहा मैल अंतरावर दुसरा बांधला. दोहोंमधली सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन पुरासाठी. केरो शहराजवळ पाणी फारच चढले तर पुढचा बंधारा उडवायचा आणि नदीला या पट्ट्यात घ्यायचे. या जमिनीवरचे बुडिताचे हक्क लष्कराच्या अभियंता विभागाने खाजगी मालकांकडून विकत घेतले. एकदाच, एकरकमी.

इथला एक खटला मला बोलका वाटतो. एका जमीनमालकाचे म्हणणे होते की, कायदा झाला त्या दिवसापासून माझी जमीन पुरात जमा झाली, म्हणून भरपाई त्या दिवसापासून मोजा. १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. नुसता कायदा केल्याने जमीन घेतली असे होत नाही, असे न्यायालय म्हणाले. कागदावर पट्टा आखला जातो, जमिनीचा भाव त्या दिवशी पडतो, पण कायद्याच्या लेखी अजून काही घडलेलेच नसते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. आपल्याकडे तो पुन्हा भेटणार आहे.

हा पट्टा पहिल्यांदा वापरला गेला जानेवारी १९३७ मध्ये, कडाक्याच्या थंडीत. त्यानंतर ७४ वर्षे वापरण्याची वेळ आली नाही, आणि याच काळात खरी गोची झाली. डेटनचे बांध दरवर्षी कुठे ना कुठे पाणी धरतात, त्यामुळे दस्तातली अट कोणी विसरत नाही. मिसूरीत मात्र तीन पिढ्या कोरड्या गेल्या. जमीन सपाट, काळी, भरघोस पिकाची. अटीत घर बांधायला मनाई नव्हती. घरे झाली, गोदामे झाली, वस्त्या झाल्या.

त्यातली एक वस्ती पिनहुक. १९४० च्या दशकात काही कृष्णवर्णी कुटुंबांना स्वतःची जमीन घ्यायची होती. तोवर त्यांची हयात दुसऱ्याच्या शेतावर बटईने राबण्यात गेली होती. चांगल्या, सुरक्षित जागी काळ्या माणसाला जमीन विकायला कोणी तयार नव्हते. पुराच्या पट्ट्यातली मिळाली. त्यांनी ती साफ केली, पिकवली, चर्च बांधले, गाव वसवले. बुडिताचा हक्क विकून पैसे घेतले होते ते आधीच्या मालकांनी. पाणी सोसायची पाळी आली ती यांच्यावर.

मे २०११. केरोजवळ नदी ६१ फुटांच्या वर गेली. हे शहरही गरीब, वस्ती तीन हजारांहून कमी आणि बहुतांश कृष्णवर्णी. मिसूरी सरकार बंधारा उडवू नये म्हणून न्यायालयात गेले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळले गेले. २ मेच्या रात्री जनरल मायकेल वॉल्श यांच्या आदेशाने बंधाऱ्यात पुरलेल्या नळ्यांत भरलेली स्फोटके उडवली गेली. केरोजवळची पातळी उतरू लागली. योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने ठरल्याप्रमाणे चालली. शंभरेक घरे गेली, त्यांत पिनहुक पुरते नष्ट झाले. मोठ्या शेतमालकांपैकी अनेकांनी पाणी ओसरल्यावर त्याच उन्हाळ्यात सोयाबीन पेरले. पिनहुकच्या लोकांना मात्र पुन्हा एकत्र वसण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. शेवटी त्यांची नवी घरे साइकस्टन शहरात झाली. गाव परत झाले नाही.

डेटन आणि मिसूरी, दोन्हीकडे कायदा होता, मोबदला होता, दस्त होता. मग फरक कुठे पडला? डेटनमध्ये वाचणारा आणि बुडणारा एकाच संस्थेच्या वहीत होते. एकाकडून घेतलेले दुसऱ्याला दिले जात होते आणि राहत्या घराला बंदी होती. मिसूरीत पैसे दूरच्या राजधानीतून एकदा आले आणि मग ती वही कोणी उघडली नाही. वहीत जमीन होती, तिच्यावर पुढे राहायला येणारी माणसे नव्हती.

शेतकऱ्यांनी आखलेला पूर

हॉलंडचा दाखला आपल्याकडे फार दिला जातो, आणि बहुधा अर्धाच. १९९३ आणि १९९५ मध्ये ऱ्हाइन आणि मास नद्यांना मोठे पूर आले. १९९५ च्या जानेवारीअखेर सुमारे अडीच लाख माणसे हलवावी लागली. बांध फुटले नाहीत, पण थोडक्यात वाचले. तेव्हा बांध उंचावत न बसता नदीला जागा द्यावी, असा विचार पुढे आला आणि २००६ मध्ये त्या नावाचा मोठा कार्यक्रम मंजूर झाला. तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, पूरमैदाने खोल केली, जोडकालवे काढले.

पण त्याआधी डच सरकारला एक ठोकर बसली होती. २००२ मध्ये एका समितीने आणीबाणीत पाणी सोडण्यासाठी काही सखल भाग सुचवले. त्यांत नायमेखनजवळचा ओयपोल्डर होता. तिथे हजारो लोक राहत होते. आम्हाला न विचारता आमच्या गावाला तळे ठरवले, म्हणून त्यांनी मोठी चळवळ केली. आकडेमोडीतल्या त्रुटीही दाखवल्या. काही वर्षांत सरकारने तो बेत सोडला.

याच सुमारास मासच्या काठी, ओव्हरडीप नावाच्या सुमारे ५५० हेक्टरच्या पोल्डरमध्ये वेगळे घडले. तिथे सतरा शेतकरी कुटुंबे होती, बहुतेक दूधधंद्यातली. आपला भाग पुरासाठी हवा आहे हे कळल्यावर ती एकत्र बसली. येणारे येणारच असेल तर अटी आपण घालू, असे ठरवून त्यांनी स्वतःची योजना केली. नदीकडचा बांध ठेंगणा करायचा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा पाणी आत येईल. मागच्या मुख्य बांधाला लागून सुमारे सहा मीटर उंचीचे मातीचे टेकाड घालायचे आणि त्यांवर घरे व गोठे न्यायचे. सगळ्यांना पुरेल एवढी जमीन उरणार नव्हती, म्हणून काहींनी मोबदला घेऊन दुसरीकडे जायचे आणि राहतील त्यांना पुरेसे मोठे शेत मिळायचे. काम २०१५ पर्यंत पुरे झाले. आठ टेकाडे उभी राहिली. मोठ्या पुरात नदीची पातळी तिथे सुमारे २७ सेंटिमीटरने कमी होते. एवढ्या जागेने एवढेच मिळते, हा आकडाही ध्यानात घेण्याजोगा आहे.

निम्मी कुटुंबे गेली, हेही विसरू नये. गोठा मोडून दुसऱ्या मुलखात नवा घालणे सोपे नसते. पण कोण जाणार आणि कोण राहणार याची बोलणी त्यांच्या आपसात झाली आणि सरकारला ती मान्य करावी लागली.

दामोदरचा उजवा काठ

आपल्या देशात हा प्रश्न डेटनच्याही आधी पडला होता आणि फार निष्ठुरपणे सुटला होता. बंगालमध्ये दामोदर नदीच्या दोन्ही काठांना जमीनदारांनी बांधलेले मातीचे बांध होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डाव्या काठाचे महत्त्व अचानक वाढले. बर्दवान शहर तिकडे, कलकत्त्याहून निघालेला ग्रँड ट्रंक रस्ता तिकडे, आणि आता ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळही तिकडेच. १८५० च्या दशकात सरकारने डावा बांध भक्कम केला आणि उजव्या काठाचा सुमारे वीस मैल बांध काढून टाकला. पुराचे पाणी उजवीकडच्या गावांत पसरावे आणि रेल्वे वाचावी, हा हेतू उघड होता. उजव्या काठाच्या रयतेने दरवर्षी पाणी सोसले, रेल्वेची कमाई मात्र तिच्यापर्यंत पोहोचली नाही. इथे दस्त नव्हता आणि विचारणेही नव्हते. नदीचा अर्धा मुलूख पुराला देऊन टाकला होता.

शंभरेक वर्षे डावा काठ असा राखला. तरी जुलै १९४३ मध्ये, महायुद्ध आणि दुष्काळ ऐन भरात असताना, तोच फुटला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, कलकत्ता उत्तरेपासून वेगळे पडले. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. साहांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा आग्रह धरला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ जन्मले.

इथे एक धागा जुळतो. टेनेसी खोरे प्राधिकरणाचा पहिला अध्यक्ष होता आर्थर मॉर्गन, डेटनचाच. तो पुढे भारतातही आला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचा तो सदस्य होता आणि ग्रामीण विद्यापीठांची कल्पना त्याने जोराने मांडली. पण पाण्याच्या बाबतीत भारताने उचलला तो टेनेसीचा मॉर्गन. तिथली धरणे कायम भरलेली, वीज देणारी, आणि त्यांसाठी जमीन संपूर्ण विकत घेतलेली. एकट्या नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबे हलली होती. शेते शेतकऱ्याकडे ठेवून फक्त पुराचा हक्क घेणारा डेटनचा मॉर्गन आपल्याकडे आलाच नाही.

त्याची किंमत दामोदरवरच दिसली. आखलेल्या धरणांपैकी १९५९ पर्यंत चार झाली : तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. मैथन आणि पंचेतच्या जलाशयांची वरची पातळी खास पुरासाठी राखून ठेवलेली होती. पण त्या पातळीपर्यंतची सगळी जमीन संपादितच झाली नाही. काठावरच्या त्या पट्ट्यात गावे आणि शेते राहिली. परिणामी धरण बांधून तयार, पण वरचा काही भाग मोठ्या पुरात भरता येत नाही, कारण तिथे माणसे आहेत. ती जमीन विकत घेणे महाग होते हे खरे. मग पाच-दहा वर्षांतून चार दिवस ती बुडवण्याचा हक्क घेता आला असता. घरे वर हलवून शेती खाली ठेवता आली असती. पण आपल्या कायद्याच्या सवयीत हा मधला मार्ग नव्हता. जमीन एकतर संपादित, नाहीतर मोकळी.

निळी रेषा आणि सातबारा

महाराष्ट्रात आजही असेच आहे. धरणाच्या बुडितातली जमीन सरकार पूर्ण घेते. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली तीच जमीन गाळपेरीसाठी वर्षाच्या कराराने देते. धरणाखाली, नदीच्या काठी मात्र रेषा आहेत. १९८९ च्या पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकाने निळी आणि लाल पूररेषा आल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोहोंच्या मध्ये अटींवर. त्याआधी १९७५ मध्ये केंद्राने पूरमैदानांसाठी आदर्श विधेयक राज्यांकडे पाठवले होते. मणिपूर आणि राजस्थानसारख्या मोजक्या राज्यांनी कायदे केले, बाकीच्यांनी विधेयक ठेवून दिले.

रेषा आवश्यक आहे. पण रेषा म्हणजे व्यवहार नव्हे. मिसूरीच्या खटल्यात न्यायालय म्हणाले होते तेच इथे लागू पडते : रेष ओढल्याने जमिनीचा भाव पडतो, मालकाच्या हाती काही येत नाही. म्हणून शहराजवळचा शेतकरी रेष सरकवण्याच्या खटपटीला लागतो, गुंठा-गुंठा विकून मोकळा होतो, आणि पुढच्या पुरात तिथे एक कॉलनी पाण्यात सापडते. त्या कॉलनीत घर घेणारा बहुधा तोच, ज्याला उंचावरचे परवडत नाही. पिनहुकची गोष्ट इतकी परकी नाही.

शिरोळ, करवीर, मिरज, पलूस या तालुक्यांतली हजारो एकर मळी कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी आजही आपल्या अंगावर घेते. तिने ते घेतले नसते तर शहरातली पातळी आणखी चढली असती. ही एक सेवा आहे आणि ती फुकट चालली आहे. ऊस दोन-चार दिवस पाण्यात तग धरतो. शेंडा बुडाला आणि सुरळीत गाळ बसला की कुजतो. मग पंचनामा होतो आणि हेक्टरी मदत जाहीर होते. ती मदत म्हणून मिळते, हक्क म्हणून नाही. दरवेळी नव्याने मागावी लागते आणि दरवेळी सरकारच्या मर्जीवर असते.

हिशेब उलटा मांडता येईल. निळ्या रेषेच्या आतल्या शेतकऱ्याशी पूर यायच्या आधी करार करायचा. जमीन त्याचीच, शेती त्याचीच. बुडिताचा हक्क खोऱ्याच्या संस्थेचा, आणि तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदलेला. आपल्याकडे त्या रकान्यात बँकेचा बोजा चढतो, कुळाचे नाव चढते, विहिरीतला हिस्सा चढतो. नदीचा हिस्साही चढू शकतो. मोबदल्याचा एक भाग एकरकमी असावा आणि दुसरा प्रत्येक पुराला, पंचनाम्याची वाट न पाहता. आणि हा पैसा खालच्या शहरांतल्या मालमत्तांवरून, त्यांच्या फायद्याच्या प्रमाणात यावा. हे शेवटचे कोणत्याही नगरसेवकाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. डेटनमध्येही ते कोणाला आवडले नव्हते.

याने सगळा पूर थांबेल असे नाही. ओव्हरडीपचे २७ सेंटिमीटर आठवावेत. धरणांचे परिचालन, पुलांचे भराव, ओढ्यांवरची अतिक्रमणे हे प्रश्न आपल्या जागी आहेतच. करारातही खोट राहू शकते. जमीन कसणारा आणि मालक वेगळे असतील तर पैसा कोणाला? खंडाने कसणारी बाई कागदावर कुठे दिसणार? पिनहुक याच फटीतून हरवले. म्हणून हे विचारायची वेळ पावसाळ्यात नसते. पाणी गुडघ्याला लागल्यावर कोणी कोणाशी नीट बोलत नाही.

दिवाळीत मळीतला ऊस तोडीला येऊ लागतो, नदी पात्रात गेलेली असते. कोल्हापूर-सांगलीच्या ग्रामसभांत आणि महापालिकांत एकाच टेबलाशी ही बोलणी सुरू करायची तर ती याच कोरड्या महिन्यांत करावी लागतील. डेटनला पाणी ओसरल्यापासून कायदा व्हायला अकरा महिने लागले होते. आपल्या २०१९ च्या महापुराला कितीतरी पावसाळे उलटून गेले आहेत.